मालकी सरकारची, शुश्रूषा लोकांची

मकरसंक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटून गोड बोलण्याचा संकल्प सोडला जातो आणि त्याच दिवशी गच्चीगच्चीवरून सोडलेल्या पतंगांच्या मांज्याने आकाशातले पक्षी कापले जातात. ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिची खंत वाटणेही जवळजवळ थांबले आहे. जानेवारीचा उत्तरार्ध उजाडला की शहरोशहरीची पक्षी-रुग्णालये भरून जातात. पंख बांधलेल्या घारीचे किंवा बगळ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. मदतीचे आवाहन निघते, चार दिवस पैसे आणि औषधे येतात, आणि पतंगांचा मोसम सरला की सगळे शांत होते. रुग्णालयातील पिंजरे मात्र रिकामे झालेले नसतात. मार्चमध्ये ऊसतोडीच्या फडात सापडलेले बिबट्याचे बछडे येतात, उन्हाळ्यात घरट्यातून पडलेली पिल्ले आणि तहानेने कोसळलेले पक्षी येतात, पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यात अडकून पाय गमावलेली कासवे येतात. वर्षाचा एकही महिना या रुग्णालयांना सुटीचा नसतो.

ही रुग्णालये कोणाची, ती कोणाच्या पैशावर चालतात आणि त्यांच्याकडून समाजाने नेमकी कोणती अपेक्षा धरावी, या तीन प्रश्नांची स्वच्छ उत्तरे आपल्याकडे कोणी मागत नाही. ‘मुक्या जिवांची सेवा’ असे म्हटले की चिकित्सेचे दार आपोआप बंद होते. परंतु ज्या कार्यात लोकांचा पैसा, तरुणांचे श्रम आणि सरकारचा कायदा हे तिन्ही गुंतलेले आहेत, ते केवळ भूतदयेच्या भरवशावर सोडून देणे हे ना लोकांच्या हिताचे आहे, ना त्या मुक्या जिवांच्या.

मालक कोण?

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये बंदिवासात ठेवलेला, बेकायदा मारलेला वा मृतावस्थेत सापडलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. असा प्राणी कोणाच्या हाती आल्यास त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास तसे कळविले पाहिजे. म्हणजे रस्त्यावर जखमी पडलेले घुबड एखाद्या विद्यार्थ्याने दयेपोटी उचलून घरी नेले आणि महिनाभर सांभाळले, तर त्याच्या हेतूविषयी शंका नसली तरी तो कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. या तरतुदीमागील कारण योग्यच आहे. ती नसती तर प्रत्येक शिकाऱ्याने आणि प्रत्येक व्यापाऱ्याने आपण प्राण्याची शुश्रूषाच करीत होतो, असा बचाव केला असता.

परंतु मालकीबरोबर जबाबदारीही येते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. घराचा मालक घरपट्टी भरतो, गुरांचा मालक वैरण घालतो. वन्य प्राण्यांच्या बाबतीत मात्र मालकी सरकारकडे आणि वैरणीचा खर्च मुख्यतः दुसऱ्यांकडे, अशी वाटणी झाली आहे. वनविभागाने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्यांचे केंद्र आणि नागपूरचे उपचार केंद्र ही सरकारी पुढाकाराची उदाहरणे आहेत. डहाणू येथे जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात, तेही वनविभाग आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने. पण यातील सहकार्य म्हणजे बहुधा असे की परवानगी आणि जागा सरकारची. आणि डॉक्टर, औषध, मांस-मासळी, गाडीचे इंधन आणि रात्रीचे जागरण यांपैकी बराचसा भार संस्थेचा. संस्था तो भार लोकवर्गणीतून उचलते. घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली वन्य जीवांच्या रक्षणाचे निर्देशक तत्त्व राज्यावर आणि प्राणिमात्रांविषयी अनुकंपेचे मूलभूत कर्तव्य नागरिकावर सोपविले. नागरिकांपैकी काही जण आपला वाटा उचलीत आहेत. राज्याचा वाटा मात्र अजून निश्चितच झालेला नाही.

हा रुग्ण वेगळा आहे

वन्य प्राण्यांचे रुग्णालय हे माणसांच्या रुग्णालयासारखे नसते आणि गुराढोरांच्या दवाखान्यासारखेही नसते. गाय लंगडी राहिली तरी गोठ्यात जगू शकते. एक डोळा गेलेले कुत्रे धन्याच्या दारात सुखाने म्हातारे होते. घारीचे तसे नाही. मांजा बहुधा पंखाच्या पुढच्या कडेला ताणलेल्या पातळ त्वचेला आणि तिच्यातील कंडरेला कापतो. तेवढी एक शीर तुटली की हाड शाबूत असूनही पंख उघडत नाही. टाके घालून जखम भरली, पक्षी खाऊ लागला, डोळ्यांत तेज आले, तरी तो उंच उडून भक्ष्यावर झेपावू शकत नसेल तर त्याचे बरे होणे अपुरे आहे. नव्वद टक्के बरी झालेली घार ही जंगलाच्या हिशेबात मेलेली घार असते. म्हणून या रुग्णालयांत शेवटची परीक्षा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही; ती मोठ्या उड्डाण-पिंजऱ्यात होते.

दुसरा फरक असा की, येथे माया हाच अपाय ठरू शकतो. जखमी वन्य प्राण्याच्या दृष्टीने जवळ येणारा माणूस म्हणजे त्याला खाऊ पाहणारा शत्रू. त्याला कुरवाळणे, त्याच्याशी बोलणे, त्याच्याभोवती घोळका करून छायाचित्रे काढणे यांमुळे त्याचे काळीज फाटण्याची वेळ येते. कित्येक पक्षी जखमेने नव्हे तर या धसक्यानेच दगावतात. भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, अंधार आणि शांतता हा त्याच्यावरचा पहिला उपचार आहे. चोच उघडून पाणी ओतणे हा उपचार नव्हे. ते पाणी श्वासनलिकेत गेले की पक्षी गुदमरतो. पिल्लू माणसाच्या हातून खाऊन माणसालाच आई समजू लागले, तर पुढे त्याला स्वतःच्या जातीत परतता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत कठीण फरक हा की, प्रत्येक रुग्ण वाचवायचा नसतो. ज्याची पुन्हा मुक्त होण्याची शक्यता नाही आणि ज्याच्या वेदना संपणार नाहीत, त्याला कायद्याच्या चौकटीत राहून शांतपणे मरण देणे, हाही पशुवैद्याच्या कर्तव्याचा भाग ठरतो. जगभरच्या चांगल्या रुग्णालयांनी हे स्वीकारले आहे. आपल्याकडे यावर उघड चर्चा होत नाही, कारण देणगीदाराला ती ऐकवत नाही. परिणामी जे प्राणी कधीच सुटणार नाहीत, त्यांचे पिंजरे वाढत जातात. बंदिवासात बिबट्या पंधरा-वीस वर्षेही जगतो. त्याला इतकी वर्षे नियमित मांस, जागा आणि राखणदार लागतो. त्या एका पिंजऱ्यावरील खर्चात सुटू शकणाऱ्या किती प्राण्यांचे उपचार झाले असते, हा प्रश्न निर्दयपणाचा वाटला तरी विचारावाच लागतो. साधने मर्यादित असली की एकाला दिलेले दुसऱ्याला नाकारलेले असते. दयेलाही या नियमातून सुटका नाही.

दात्याची आवड आणि रोग्याची गरज

लोकवर्गणीतून प्राण्यांची सेवा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबईत रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली दंगल झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळांची अर्थव्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. पश्चिम भारतातील व्यापारी महाजनांनी मालाच्या खरेदी-विक्रीवर ‘लाग’ म्हणून ओळखला जाणारा छोटा स्वेच्छा-कर बसवून घेतला होता. उलाढाल होईल तितका पैसा आपोआप जमा होई. त्यासाठी दर वर्षी कोणाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नव्हती. देणगी भावनेवर अवलंबून न ठेवता व्यवहाराला जोडण्याचे हे शहाणपण आज आपण विसरलो आहोत.

अर्थात पांजरपोळाचे तत्त्व निराळे होते. आलेल्या जिवाला मरेपर्यंत आसरा द्यावयाचा, एवढेच त्याचे ध्येय. बरे करून सोडून देणे हे नव्हे. आणि दात्याच्या श्रद्धेची मर्यादा ही संस्थेचीही मर्यादा होती. याचे बोलके उदाहरण दिल्लीत सापडते. चांदणी चौकातील जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय जगप्रसिद्ध आहे. तेथे हजारो कबुतरे, पोपट, चिमण्या यांची निष्ठेने सेवा होते. पण दाखल करून घेण्याची सोय शाकाहारी पक्ष्यांपुरती. मांस खाऊ घालणे संस्थेच्या धर्मात बसत नसल्याने घारीसारख्या शिकारी पक्ष्यांना ठेवून घेतले जात नाही. यात संस्थेला दोष देण्याचे कारण नाही; आपल्या श्रद्धेने जेवढे करता येते तेवढे ती करते. पण दिल्लीत घारींची संख्या अफाट, तेथे पतंगांचा जोर स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, आणि मांज्याला भक्ष्य शाकाहारी की मांसाहारी हे कळत नाही.

ही पोकळी भरून काढली ती नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या दोन भावांनी. २००३ च्या सुमारास त्यांनी जखमी घारींवर उपचार सुरू केले. वजिराबादच्या दाट वस्तीतील घरात साबण-पात्रे बनविण्याचा त्यांचा छोटा धंदा. त्याच धंद्याच्या मिळकतीतून आणि त्याच घरात हे रुग्णालय चालले. गच्चीवर पिंजरे, तळघरात शस्त्रक्रिया, आणि घरखर्चातून वाचवून आणलेले मांस, अशा स्थितीत त्यांनी हजारो पक्षी तपासले. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या अनुबोधपटाला २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत सन्मान मिळाले, आणि मग या कामाकडे जगाचे लक्ष गेले. या कहाणीतील त्यागाला वंदन करावे. पण तिच्यातील अर्थही ध्यानी घ्यावा. कायद्याने जी घार सरकारची मालमत्ता आहे, तिच्या उपचाराचा भार देशाच्या राजधानीत वर्षानुवर्षे दोन कारागीर भावांच्या कमाईवर पडला होता. आणि परदेशी वृत्तपत्रांनी, चित्रपटाने त्यांची दखल घेतली नसती, तर तो तसाच पडून राहिला असता.

वर्गणीच्या अर्थकारणातील मूळ दोष हाच आहे. पैसा गरजेकडे जात नाही, दिसण्याकडे जातो. बिबट्याच्या बछड्याला दाते मिळतात. वटवाघळाला, सापाला, घोरपडीला मिळत नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात औषधे उरतात. जुलैमध्ये सलाईनच्या बाटल्या उधारीवर आणाव्या लागतात. कोणी रुग्णवाहिका देतो, तिच्या दारावर आपल्या वडिलांचे नाव घालतो. पण तिच्या चालकाचा पगार द्यायला कोणी पुढे येत नाही. क्ष-किरण यंत्राचे उद्घाटन थाटात होते. ते चालविणारा तंत्रज्ञ चार महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे जातो. रुग्णालयाचा मोठा खर्च हा स्थिर स्वरूपाचा असतो: पशुवैद्याचे वेतन, रखवालदार, वीज, शीतपेटी, पिंजऱ्यांची डागडुजी. पिंजऱ्यात एक पक्षी असो वा शंभर, हा खर्च टळत नाही. आणि नेमक्या याच खर्चासाठी वर्गणी मिळणे सर्वांत दुरापास्त. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे आणि त्या कार्यांच्या यादीत प्राणिकल्याणाचा समावेश आहे. पण तेथेही कल दर्शनी वस्तूंकडे असतो. पगाराच्या पावतीवर कंपनीचे बोधचिन्ह छापता येत नाही.

स्वयंसेवक फुकट नसतो

या रुग्णालयांचा दुसरा आधार स्वयंसेवकांचा. महाविद्यालयातील विद्यार्थी, बँकेतील कारकून, निवृत्त शिक्षिका असे कितीतरी लोक आपल्या वेळातून वेळ काढून पिंजरे धुतात, उंदीर-मासळी तोलून ठेवतात, दर दोन तासांनी पिल्लांना भरवतात, रात्री-अपरात्री दूरध्वनी घेतात. महाराष्ट्रात तर ‘सर्पमित्र’ हा शब्दच मराठी भाषेत रुळला आहे. त्यांच्याविना ही संस्था एक दिवस चालणार नाही. पण त्यांचे श्रम फुकट आहेत, हा समज चुकीचा आहे. प्रशिक्षण, हातमोजे, रेबीज आणि धनुर्वाताच्या लसी, प्रवासखर्च, विमा यांचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो. तो झाला नाही तर त्याची किंमत स्वयंसेवक आपल्या शरीराने मोजतो. साप पकडण्याच्या धाडसापायी जीव गमावलेल्या तरुणांच्या बातम्या ही त्या किमतीची नोंद आहे. शिवाय परीक्षा आल्या की विद्यार्थी जातो, बदली झाली की कारकून जातो. ज्या संस्थेचा सारा अनुभव स्वयंसेवकांच्या डोक्यात असतो, तिला दर दोन वर्षांनी पुन्हा पहिलीपासून शिकावे लागते.

स्वयंसेवकाच्या सर्वोत्तम सेवेचे छायाचित्र निघत नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या ‘अनाथ’ पिल्लांपैकी पुष्कळशी मुळी अनाथ नसतातच. उडायला शिकणारे पिल्लू जमिनीवर उतरते, आईबाप जवळच्या फांदीवर असतात आणि एखादा कनवाळू गृहस्थ त्याला उचलून पिशवीत घालून रुग्णालयात आणतो. हे वाचविणे नव्हे, हे निष्पाप मनाने केलेले अपहरण आहे. अशा वेळी दूरध्वनीवर पाच मिनिटे शांतपणे बोलून ‘त्याला तेथेच झुडपात ठेवा आणि मांजराला हाकला’ असे पटवून देणारा स्वयंसेवक एक रोगी कमी करतो आणि एक जीव वाचवतो. जुन्नर आणि नाशिकच्या ऊसपट्ट्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली आहे. ऊसतोडीत बछडे सापडले की पूर्वी ते उचलून केंद्रात नेले जात आणि आयुष्यभर पिंजऱ्यात राहत. आता त्यांची तपासणी करून संध्याकाळी ते सापडल्या जागीच एका क्रेटमध्ये ठेवले जातात. माणसे दूर जातात. रात्री मादी येते आणि पिल्लांना तोंडात धरून घेऊन जाते. एक क्रेट आणि एका रात्रीचा धीर एवढ्या खर्चात जे साधते, ते पंधरा वर्षांच्या पिंजऱ्याने साधत नाही.

रुग्णालयाची वही

येथेच खरा मुद्दा येतो. या रुग्णालयांचे सर्वांत मोलाचे उत्पादन म्हणजे सुटलेले प्राणी नव्हेत. ती त्यांची नोंदवही आहे. कोणता प्राणी, कोठे, कोणत्या दिवशी, कशाने जखमी झाला, हे या वहीत लिहिलेले असते. ती वही म्हणजे समाजाने निसर्गावर लादलेल्या आणि स्वतः न भरलेल्या बिलांची यादी होय. नायलॉनचा मांजा विकणाऱ्याला नफा मिळतो, पतंग काटणाऱ्याला आनंद मिळतो. तुटलेल्या पंखाचा खर्च मात्र तिऱ्हाईत देणगीदार देतो. ज्या खर्चाचा बोजा तो निर्माण करणाऱ्यावर पडत नाही, तो खर्च वाढतच जातो, हे अर्थशास्त्राचे पहिलेच पाठ सांगतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन व तत्सम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर संक्रांतीला तो मिळतो, त्याने पक्षीच नव्हे तर दुचाकीवरील माणसांचे गळेही चिरतात. या मांज्याच्या विक्रीवर पोलिसांनी डिसेंबरात टाकलेली एक धाड जानेवारीतील कितीतरी शस्त्रक्रियांइतकी मोलाची असते. पण धाडीसाठी कोणी वर्गणी गोळा करीत नाही.

रोग्याची कारणमीमांसा केल्याने काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. तीन प्रमुख जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. मेलेली गिधाडे कोणत्याही रुग्णालयाला वाचविता आली नसती. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी शवचिकित्सेवरून दाखवून दिले की, गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्याही पशुवैद्यकीय वापरावर आली. गिधाडे गेल्याने माणसांचे काय झाले, याचा हिशेब एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे नांदत होती, तेथे मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सडकी जनावरे, दूषित पाणी आणि मोकाट कुत्री ही त्यामागची साखळी. पक्ष्यांच्या मरणाची चौकशी ही चैन नव्हे, एवढे या एका आकड्यावरून पटावे.

याउलट, कारण न पाहता केलेला उपाय कसा अंगावर येतो, हे जुन्नरने शिकविले. २००१ पासून तेथे शेतांत दिसणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चार होती, ती मोहिमेनंतर सतरावर गेली. अनोळखी मुलुखात सोडलेला, पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी हा संरक्षित नसतो आणि सुरक्षितही नसतो. ‘सोडला’ या शब्दाने वही बंद होता कामा नये; सोडल्यानंतर काय झाले, हाच हिशेबाचा शेवटचा रकाना आहे.

माणसे आधी की प्राणी?

यावर एक रोखठोक आक्षेप घेतला जातो. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस वेळेवर मिळत नाही, तेथे सापावर शस्त्रक्रिया करणे ही श्रीमंतांची हौस नव्हे काय? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे मृत्युमुखी पडली. तेथील शेतकऱ्याला बिबट्यांच्या शुश्रूषेचे कौतुक सांगणे हा त्याच्या जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार ठरेल. हा आक्षेप भावनेच्या भरात झिडकारण्यासारखा नाही. शहरातील दात्याची भूतदया आणि खेड्यातील शेतकऱ्याचे भय यांत अंतर आहे, आणि प्राण्याच्या सोबतीची किंमत बव्हंशी शेतकरीच मोजतो.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष रुग्णालये बंद करण्याचा नाही. ती नीट चालविण्याचा आहे. रात्री उसात बिबट्या शिरला किंवा विहिरीत पडला, की गावकऱ्यांना हवी असते ती भूल देणारी बंदूक, ती चालविणारा प्रशिक्षित पशुवैद्य आणि जमाव आवरणारा पोलीस. हे पथक ज्या केंद्रातून निघते, तेच केंद्र जखमी बिबट्यावर उपचार करते. केंद्र दूर असेल तर तोपर्यंत जमाव जमतो, दगड पडतात, बिथरलेला प्राणी चार माणसांना फाडतो आणि स्वतःही मरतो. म्हणजे उपचार केंद्र ही बिबट्याइतकीच गावाचीही गरज आहे. हे मान्य करूनही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे की, एकेक जखमी प्राणी वाचविल्याने जाती वाचत नाहीत. त्या वाचतात अधिवास राखल्याने. रुग्णालयांनी याहून मोठा दावा करू नये, आणि समाजाने रुग्णालयाला देणगी देऊन जंगलाची जबाबदारी फिटली, असे मानू नये.

काय करावयास हवे?

उपाय अवघड नाहीत. पहिला, मालकाने मालकाचा खर्च उचलावा. मान्यताप्राप्त उपचार केंद्रातील पशुवैद्य, तंत्रज्ञ आणि रखवालदार यांच्या वेतनाचा स्थिर खर्च वनविभागाच्या अंदाजपत्रकात ठरलेल्या सूत्राने अनुदान म्हणून यावा. शाळांना वेतन-अनुदान देण्याची पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. औषध, अन्न, प्रवास हा बदलता खर्च लोकवर्गणीने खुशाल भागवावा. लोकांचा सहभाग त्यामुळे टिकेलही. दुसरा, अनुदानाच्या बदल्यात प्रत्येक केंद्राने एकसारख्या नमुन्यात नोंदवही ठेवावी आणि दर वर्षी ती प्रसिद्ध करावी: किती आले, किती मेले, किती सुटले, किती कायमचे राहिले आणि जखमेची कारणे कोणती. देणगीदारानेही ‘किती प्राणी आणले’ असे न विचारता ‘किती सुटले आणि किती यावेच लागले नाहीत’ असे विचारावे. तिसरा, देणगी प्राण्याच्या चेहऱ्याला न देता संस्थेच्या सर्वसाधारण निधीला आणि दरमहा द्यावी. जानेवारीत एकदा दिलेल्या बाराशे रुपयांपेक्षा दरमहा दिलेले शंभर रुपये जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांवर पगाराचे वचन देता येते. जुन्या ‘लागे’चे मर्म हेच होते.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा: टाळण्यासाठी पैसा खर्च करावा. याचा उत्तम धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. समुद्री कासव किंवा अन्य संरक्षित जलचर जाळ्यात अडकला तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ पासून येथे राबविण्यात आली. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. ते त्याने केवळ दयेपोटी कापावे अशी अपेक्षा धरण्याऐवजी त्याच्या नुकसानीचा वाटा समाजाने उचलला. पाय कापलेले कासव डहाणूला महिनोन् महिने सांभाळण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि कासवाच्या दृष्टीने तर तुलनाच नाही. याच न्यायाने उघड्या विहिरींना कठडे बांधण्यास अर्थसाहाय्य का मिळू नये? मांज्याच्या घाऊक विक्रेत्याकडून वसूल केलेला दंड पक्ष्यांच्या उपचारांसाठी का वापरला जाऊ नये?

भूतदया ही आपल्या संस्कृतीची थोर ठेव आहे, असे आपण वारंवार सांगतो. ठेव असली तरी तिचा हिशेब ठेवावाच लागतो. हिशेब न ठेवलेल्या ठेवी बुडतात. जखमी घार दाराशी आली असता तिला आत घेणारे हात या देशात आहेत, हे दिल्लीच्या दोन भावांनी आणि महाराष्ट्रातील असंख्य अनाम स्वयंसेवकांनी दाखवून दिले आहे. त्या हातांना पगारी डॉक्टरची आणि अंमलात येणाऱ्या कायद्याची साथ द्यावयाची, की दर संक्रांतीला त्यांच्यापुढे नवे रोगी टाकून त्यांच्या त्यागाचे कौतुक करीत राहावयाचे, याचा निर्णय सरकारने आणि समाजाने करावयाचा आहे. वन्यप्राण्यांच्या रुग्णालयाचे यश त्याच्या भरलेल्या पिंजऱ्यांत नसते. ज्या वर्षी त्याच्या वहीतील पाने कोरी राहू लागतील, त्या वर्षी ते यशस्वी झाले असे म्हणावे.